साबणाच्या वडीचा पत्ता

अंगाच्या साबणाचे एक रिकामे वेष्टन वर्गात घेऊन जा आणि मुलांना ते नीट वाचायला सांगा. किंमत, वजन, तारीख, कारखान्याचा पत्ता हे सारे मुले पटापट शोधतील. थोड्या वेळाने एखाद्या चौकस मुलाला बारीक अक्षरांत 'टीएफएम ७६ टक्के' अशासारखी नोंद सापडेल. टीएफएम म्हणजे वडीतील एकूण मेद पदार्थांचे प्रमाण. पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावे असे भारतीय मानक सांगते. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीत पाऊण भागाहून अधिक माल तेलातून किंवा चरबीतून आलेला असतो. आता पुढचा प्रश्न विचारा. हे तेल आले कुठून? कोणत्या देशातल्या, कोणत्या जमिनीवरच्या झाडाचे ते होते? फळे कोणी तोडली? वेष्टनावर याचे उत्तर मिळणार नाही. किती ते छापलेले असते, कुठून ते छापलेले नसते.

या न छापलेल्या पत्त्याचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत. त्यासाठी आम्ही एकच कंपनी निवडली आहे : इंग्लंडमधील लीव्हर ब्रदर्स आणि तिच्यातूनच पुढे झालेली युनिलिव्हर. कारण सव्वाशेहून अधिक वर्षे एकच कंपनी, एकच वस्तू आणि एकाच जातीचे तेल यांचा माग आपल्याला येथे सलग काढता येतो. अलीकडे 'शाश्वत पुरवठा साखळी' हा शब्द आपल्या कानावर वारंवार पडतो. तो शब्द जन्माला येण्यापूर्वी ही साखळी कशी चालत होती, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

सोडा, साबण आणि जमीनदारांची झाडे

साबणाची कृती पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावते. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेतून साबण व ग्लिसरीन तयार होते. तेल आणि चरबी ही मेदाम्ले व ग्लिसरीन यांच्या संयोगातून बनलेली असतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने आपल्या १८२३ सालच्या ग्रंथात सविस्तर मांडले. त्याआधी, १७९१ मध्ये, त्याचाच देशबंधू लब्लां याने मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. स्वस्त सोडा मिळू लागला आणि साबण ही श्रीमंतांची चैन न राहता कारखान्याचा माल झाला.

पण लब्लांच्या पद्धतीची पहिलीच पायरी म्हणजे मीठ आणि गंधकाम्ल यांची अभिक्रिया. तिच्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू बाहेर पडतो. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, विडनेस आणि सेंट हेलेन्स या गावांच्या परिसरात, सोड्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून तो सरळ हवेत सोडला जाई. आसपासची झाडे वाळली, पिके करपली. जमीनदारांनी ओरड केली. ब्रिटिश संसदेने १८६३ मध्ये कायदा करून या वायूपैकी ९५ टक्के भाग पाण्यात शोषून घेणे कारखानदारांना बंधनकारक केले आणि तपासणीसाठी निरीक्षक नेमले.

हा प्रसंग लक्षात ठेवावा. एका उद्योगाने केलेली हानी आकड्यात मोजली गेली, मर्यादा ठरली, मोजणारा माणूस बाहेरचा होता. हे शक्य झाले, कारण नुकसान संसदेच्या दारात झाले होते आणि ज्यांची झाडे वाळली त्यांचा आवाज संसदेत पोचत होता. जे नुकसान हजारो किलोमीटर दूर होईल, त्याचे काय होणार होते?

चरबीकडून तेलाकडे

विल्यम लीव्हर हा बोल्टन गावचा, किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्याचा मुलगा. १८८४ मध्ये त्याने 'सनलाइट' हे नाव नोंदवून घेतले आणि पुढच्या वर्षी वॉरिंग्टन येथे भावाच्या साथीने साबण बनवायला सुरुवात केली. तोवरचा इंग्रजी साबण मुख्यतः जनावरांच्या चरबीचा असे. लीव्हरने चरबी कमी करून वनस्पती तेलांचा वाटा वाढवला. त्याचा साबण लवकर फेसाळे.

यामागे साधे रसायनशास्त्र आहे. खोबरेलात आणि तेलताडाच्या बीमधून निघणाऱ्या तेलात बारा कार्बन अणूंचे लॉरिक आम्ल भरपूर असते. त्याचा साबण पाण्यात चटकन विरघळतो आणि फेस देतो. चरबीतील सोळा-अठरा कार्बनांच्या मेदाम्लांमुळे वडी कठीण होते आणि पुरून उरते. चांगल्या वडीला दोन्ही लागतात. तेलताड, म्हणजेच ऑइल पाम, हे पश्चिम व मध्य आफ्रिकेतले झाड दोन्ही गरजा भागवते. त्याच्या फळाच्या गरातून निघते ते पामतेल. त्यात सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल सुमारे ४४ टक्के असते. आतल्या बीमधून निघणारे तेल मात्र खोबरेलासारखे. एकाच फळात साबणवाल्याचे सारे भांडार.

१८८८ मध्ये लीव्हरने मर्सी नदीकाठी 'पोर्ट सनलाइट' ही कारखाना-वसाहत उभारायला घेतली. कामगारांसाठी बागा असलेली घरे आणि शाळा असलेले ते गाव त्या काळी आदर्श मानले गेले. त्याच वर्षी सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या.

धंदा वाढला तसा तेलाचा तुटवडा जाणवू लागला. फ्रान्समध्ये १८६९ साली लोण्याला पर्याय म्हणून मार्गारिन निघाले होते. १९०२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ नॉर्मान याने द्रवरूप तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या क्रियेचे पेटंट घेतले. आपल्याकडचे वनस्पती तूप याच क्रियेने बनते. याच समूहाच्या मुंबईतील शिवडीच्या कारखान्यात ते १९३२ पासून बनू लागले आणि शेजारीच १९३४ मध्ये साबणाचे उत्पादन सुरू झाले. नॉर्मानच्या शोधानंतर जवळजवळ कोणतेही तेल साबणात आणि खाण्यात, दोन्हीकडे खपू लागले. साबणवाले आणि मार्गारिनवाले एकाच तेलासाठी बोली लावू लागले आणि भाव चढले. ही स्पर्धा संपवण्याचा एक मार्ग म्हणजे एकत्र येणे. लीव्हर ब्रदर्स आणि हॉलंडची मार्गारिन युनी यांनी १९२९ मध्ये तसा करार केला आणि युनिलिव्हर जन्माला आली. दुसरा मार्ग लीव्हरने त्याआधीच धरला होता. तेल विकत घेण्याऐवजी झाडेच ताब्यात घ्यायची.

गिरणीभोवतीचे वर्तुळ

ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेत लीव्हरला मोठ्या जमिनी मिळाल्या नाहीत. तेथील वसाहत सरकारने जमिनीवरचा स्थानिक समाजांचा हक्क पुढे करून नकार दिला. मग तो बेल्जियमकडे वळला. राजा लिओपोल्डच्या खासगी राजवटीत रबरासाठी झालेल्या अत्याचारांनी काँगो जगभर बदनाम झाला होता. १९०८ मध्ये बेल्जियम सरकारने तो प्रदेश स्वतःकडे घेतला. आदर्श वसाहतीचा मालक म्हणून नाव असलेला उद्योगपती त्यांना हवाच होता. १४ एप्रिल १९११ रोजी करार झाला. प्रत्येकी ६० किलोमीटर त्रिज्येची पाच वर्तुळे नकाशावर आखली गेली आणि त्यांतून एकूण साडेसात लाख हेक्टरपर्यंत जमीन निवडण्याची मुभा कंपनीला मिळाली. साडेसात लाख हेक्टर म्हणजे ७,५०० चौरस किलोमीटर. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडेसेच कमी.

नकाशावर वर्तुळ का? तेलताडाचे फळ तोडल्यावर, विशेषतः चेचले गेल्यावर, गरातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन करू लागते. मुक्त मेदाम्ले वाढतात आणि तेलाची प्रत घसरते. म्हणून फळ एक-दोन दिवसांत गिरणीत पोचवून, वाफ देऊन विकराचे काम थांबवावे लागते. ऊस जसा कारखान्यापासून फार लांब नेता येत नाही, तसेच हे. गिरणी मध्यभागी आणि झाडे भोवती ही रचना जीवरसायनशास्त्रानेच ठरवून दिलेली आहे. ही गिरणी आपल्याला लेखाच्या शेवटी पुन्हा भेटणार आहे.

करारात किमान मजुरी २५ सेंटिम्स रोज, शाळा, दवाखाने अशी कलमे होती. लुसांगा येथील मुख्य ठाण्याचे नाव 'लीव्हरव्हिल' ठेवले गेले. कागदावर हे पोर्ट सनलाइटचेच आफ्रिकी रूप होते. प्रत्यक्षात सुरुवातीची फळे लागवडीतली नव्हती, रानातल्या उंच ताडांवरची होती. कमरेला दोर बांधून वर चढायचे, घड तोडायचे आणि ते वाहून आणायचे. ठरलेल्या भावात हे काम करायला माणसे पुरेशी येईनात, तेव्हा वसाहत सरकारचे अधिकारी, गावांचे मुखिया आणि कर यांच्या जोरावर ती आणली गेली. बेल्जियन संशोधक ज्यूल मार्शाल यांनी वसाहतीच्या कागदपत्रांच्या आधारे या सक्तीच्या मजुरीचा इतिहास लिहिला आहे. तो ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक मंदीत फळाचे भाव पडले, कर मात्र कायम राहिले. १९३१ मध्ये क्वांगो भागातील पेंडे लोकांनी बंड केले. ते मोडून काढताना शेकडो पेंडे मारले गेले.

लीव्हर स्वतः १९२५ मध्ये वारला. तो ढोंगी होता असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. पोर्ट सनलाइटची घरे खरी होती आणि लीव्हरव्हिलची सक्तीही खरी होती. फरक होता तो मोजणीचा. लँकेशायरमध्ये वायूची टक्केवारी मोजणारा सरकारी निरीक्षक होता. काँगोत मोजले जात होते ते टन आणि फ्रँक. कराराची कलमे पाळली जातात की नाही, हे बघायचे काम ज्यांच्याकडे होते, तेच मजूर पुरवत होते.

एक जनुक आणि लाखो हेक्टर

तेलताड आफ्रिकेतून आशियात फार आधी आला होता. १८४८ मध्ये जावातील बोगोरच्या वनस्पती उद्यानात त्याची चार रोपे लावली गेली. त्यांच्या वंशजांपासून पुढे सुमात्रा आणि मलायात मळे उभे राहिले. पण उत्पादनातली मोठी उडी काँगोतल्या एका शोधामुळे घेता आली.

तेलताडाच्या फळांचे तीन प्रकार असतात. 'ड्युरा'च्या बीचे कवच जाड, 'पिसिफेरा'ला कवचच नाही आणि 'टेनेरा'चे कवच पातळ. कवच पातळ म्हणजे गर जास्त आणि तेलही जास्त. पण टेनेराचे बी पेरले की पुढच्या पिढीत पुन्हा तिन्ही प्रकार निघत. बैर्नार्ट आणि वांडरवेयन या बेल्जियन संशोधकांनी १९४१ मध्ये याचा उलगडा केला. कवचाची जाडी एकाच जनुकाने ठरते आणि टेनेरा हा बाकी दोहोंचा संकर आहे. टेनेराचा टेनेराशी संकर केला तर १ : २ : १ हे मेंडेलचे गुणोत्तर मिळते, पण ड्युरा आणि पिसिफेरा यांच्या संकरातून निघणारे प्रत्येक झाड टेनेराच असते. दहावीच्या फळ्यावर वाटाण्याऐवजी हे उदाहरण मांडून पाहा. जगातले बहुतेक व्यापारी तेलताड याच चौकटीतून आले आहेत.

दुसरी उडी १९८१ ची. मलेशियात तेलताडाचे परागण नीट होत नसे आणि मजूर लावून हाताने पराग टाकावे लागत. हे काम आफ्रिकेत एक सोंडकिडा करतो, हे कीटकशास्त्रज्ञ रहमान सय्यद यांनी दाखवून दिले. युनिलिव्हरच्या मलेशियातील मळ्यावर तो कॅमेरूनहून आणून सोडला गेला आणि हाताने परागण करण्याची गरजच उरली नाही.

आज चांगल्या मळ्यात हेक्टरी तीन ते चार टन तेल निघते. सोयाबीनचे तेल त्याच जमिनीत अर्धा टनही निघत नाही. म्हणजे तेवढ्याच तेलासाठी कमी जमीन पुरायला हवी होती. झाले उलटे. तेल स्वस्त झाले आणि मागणी जमिनीच्या बचतीपेक्षा कितीतरी अधिक वाढली. रेशनच्या दुकानातले पामतेल आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १९९४ नंतर आयात खुली झाली आणि आज भारत हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे.

हे तेल पिकवण्यासाठी सुमात्रा आणि बोर्नियोची जंगले तुटली. त्यांतली काही पीटच्या जमिनीवर होती. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचत गेलेला, पूर्ण न कुजलेला पालापाचोळा. चर खणून पाणी काढले की त्यातील कार्बनचे ऑक्सिडीभवन सुरू होते. तो सुकला की जमिनीखालीच धुमसत पेटतो. १९९७-९८ आणि २०१५ मधील आगींचा धूर शेजारच्या देशांवर कित्येक आठवडे पसरून राहिला.

रेणूला गाव नसते

आता कंपनीपुढे प्रश्न नवा होता. काँगोच्या काळात झाडे तिच्या ताब्यात होती. आता बहुतेक तेल बाजारातून विकत येत होते. फळ गिरणीत जाते, गिरणीचे तेल बंदरावरच्या टाक्यांत, तिथून जहाजात, मग शुद्धीकरण कारखान्यात. प्रत्येक टप्प्यावर अनेकांचे तेल एकत्र होते. आम्हा रसायनशास्त्राच्या लोकांना तेलाच्या नमुन्यात कोणते मेदाम्ल किती टक्के आहे, हे काटेकोर सांगता येते. पण जंगल तोडून लावलेल्या झाडाचे पामिटिक आम्ल आणि जुन्या मळ्यातले पामिटिक आम्ल यांच्या रेणूंत काडीचाही फरक नसतो. प्रयोगशाळा जेथे थांबते, तेथे वहीखाते लागते.

ते वहीखाते उभारण्यासाठी मळेवाले, व्यापारी, वस्तू बनवणाऱ्या कंपन्या आणि पर्यावरण संस्था यांनी २००४ मध्ये 'शाश्वत पामतेल गोलमेज' ही संस्था स्थापली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आरएसपीओ म्हणतात. युनिलिव्हर तिच्या स्थापनेत सहभागी होती. नियम ठरले आणि २००८ मध्ये पहिले प्रमाणित तेल बाजारात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते ओरांगउटानचा वेश घेऊन युनिलिव्हरच्या लंडनमधील मुख्यालयावर आणि पोर्ट सनलाइटच्या कारखान्यावर जाऊन धडकले. काही दिवसांतच कंपनीने २०१५ पर्यंत सर्व पामतेल प्रमाणित घेण्याचे जाहीर केले.

प्रमाणित म्हणजे नेमके काय, हे दुधाच्या उदाहरणाने समजून घेऊ. एका शेतकऱ्याचे दूध वेगळ्या कॅनमध्ये शेवटपर्यंत वेगळे नेले, तर ते त्याचेच राहते. हा सर्वांत खर्चिक मार्ग. दुसऱ्या मार्गात सर्वांचे दूध एका टँकरमध्ये ओततात, पण चांगल्या गोठ्यातून शंभर लिटर आत गेले तर बाहेर शंभर लिटरच 'चांगले' म्हणून विकू देतात. तिसऱ्या मार्गात दुधाचा आणि कागदाचा संबंधच तुटतो. तुम्ही कोणाचेही दूध प्या, चांगल्या गोठेवाल्याकडून तेवढ्या लिटरचे प्रमाणपत्र मात्र विकत घ्या. पामतेलात हे तिन्ही मार्ग रूढ झाले. २०१२ च्या अखेरीस युनिलिव्हरने आपले सर्व पामतेल शाश्वत असल्याचे, म्हणजे उद्दिष्ट तीन वर्षे आधीच गाठल्याचे, सांगितले. त्यातला मोठा भाग तिसऱ्या मार्गाचा, प्रमाणपत्रांचा होता. चांगल्या मळेवाल्याला पैसे मिळाले हे खरे, पण कढईत पडलेले तेल कुठले हे कंपनीलाही माहीत नव्हते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने इंडोनेशियातील काही मळ्यांवरची बालमजुरी आणि सक्तीची कामे उघडकीस आणली. ते तेल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांत युनिलिव्हरचेही नाव होते आणि त्यातल्या काही मळ्यांना शाश्वततेचे प्रमाणपत्र होते. लीव्हरव्हिलला तोवर शंभर वर्षे होऊन गेली होती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये युनिलिव्हरने आपले पुरवठादार आणि ज्यांच्याकडून तेल येते अशा १,४०० हून अधिक गिरण्यांची यादी प्रसिद्ध केली. यादी मळ्यांची नव्हे, गिरण्यांची, हे लक्षात घ्या. फळ लांब नेता येत नाही, म्हणून गिरणीचे ठिकाण कळले की भोवती वर्तुळ काढता येते आणि उपग्रहाच्या चित्रांत त्या वर्तुळातले जंगल तपासता येते. ते वर्तुळ १९११ मध्ये जमीन घेण्यासाठी काढले होते. आता त्याच विकराच्या कृपेने ते तपासणीसाठी वापरता येते, आणि तपासणारा कंपनीबाहेरचा कोणीही असू शकतो.

हिशेब अजून अपुरा

येथे समाधान मानून थांबता येत नाही. जगातल्या पामतेलापैकी प्रमाणित तेल सुमारे एक पंचमांशच आहे. इंडोनेशियातील तेलताडाच्या क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के छोट्या शेतकऱ्यांकडे आहे आणि प्रमाणपत्राचा खर्च त्यांना पेलत नाही. तपासनीसाचे शुल्क बहुधा ज्याची तपासणी करायची तोच देतो. पेपर तपासणाऱ्याचा पगार परीक्षार्थीने द्यावा, अशातला हा प्रकार. काँगोतले मळे युनिलिव्हरने २००९ मध्ये एका कॅनेडियन कंपनीला विकून टाकले. कंपनीच्या पुरवठा साखळीतून ती कडी निघाली, तिथल्या माणसांच्या आयुष्यातून मळे निघाले नाहीत. पामतेलावर बहिष्कार हाही सरळ उपाय नाही, कारण तेवढेच तेल दुसऱ्या पिकातून काढायचे तर कितीतरी अधिक जमीन लागेल.

उपग्रहाला झाड तोडलेले दिसते. ते कोणी, किती मजुरीवर आणि कोणत्या धाकाखाली तोडले, हे दिसत नाही. त्यासाठी अजूनही माणसालाच माणसाकडे जाऊन विचारावे लागते.

हा धडा वर्गात उतरवायचा असेल तर साबणापेक्षा जवळची वस्तू घ्या : शाळेच्या खिचडीतले तेल. चार-पाच मुलांचा गट करा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंपासून सुरुवात करून एकेक पायरी मागे जाऊ द्या. पुरवठादार, गोदाम, शुद्धीकरण कारखाना, बंदर किंवा बाजार समिती, शेत. प्रत्येक ठिकाणी कोणाला विचारले आणि काय उत्तर मिळाले ते वहीत लिहायला सांगा. बहुतेक गटांचा धागा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर तुटेल. तो कुठे तुटला आणि पुढचे उत्तर कोणाला ठाऊक असायला हवे होते, ही नोंद सर्वांत महत्त्वाची. त्या माणसाला किंवा कंपनीला शाळेच्या नावाने एक पत्र लिहा.